बेढब प्लेटांचा मागोवा

वर्धा शहराला लागून वाढलेल्या सिंदी मेघे येथे, पावसाळ्यात फुगणाऱ्या आणि वैशाखात भेगाळणाऱ्या काळ्या जमिनीवर इमारत उभी करावयाची, तर पायाची चिंता आधी वाहावी लागते. आणि जेथे सुट्या फुटिंगांऐवजी सबंध इमारतीखाली एकच राफ्ट घालणे भाग पडते, तेथे संरचना-अभियंत्याची गाठ प्लेट एलिमेंटशी पडल्यावाचून राहत नाही. गेल्या तीन दशकांत या प्लेटांच्या आकाराविषयीची आपली दक्षता कशी ओसरत गेली, याचा मागोवा घेणे मला अगत्याचे वाटते.

हे एलिमेंट ज्या फायनाइट एलिमेंट पद्धतीतले, तिचे मूळ जुने आहे. १९४३ साली कूरांट यांनी क्षेत्राचे त्रिकोण पाडून उत्तर काढण्याची कल्पना मांडली, १९५६ साली टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांनी ती विमानरचनेत रुजवली आणि १९६० साली क्लफ यांनी तिचे नामकरण केले. आपल्याकडे नव्वदीच्या दशकात स्टॅड-थ्री या प्रोग्रामवर काम करताना प्रत्येक प्लेटचे चार नोड-क्रमांक फेरीच्या क्रमाने टंकावे लागत, आणि म्हणून जाळी प्रथम कागदावर आखली जाई. कोणती प्लेट लांबट झाली, कोणता कोपरा ताणला गेला, हे आखणाऱ्याच्या डोळ्यांना तेथेच खुपे. पुढे जाळी आपोआप पडू लागली. वेळ वाचला हे खरेच; परंतु लिफ्टच्या खड्ड्याच्या कोपऱ्यात पडलेली सुईसारखी त्रिकोणी प्लेट पाहण्यास कोणी थांबेनासे झाले.

आकाराचा हा आग्रह नुसत्या सौंदर्यदृष्टीचा नव्हे. चौकोनी घटकाचे गणित त्याला एका आदर्श चौरसावर आरोपित करून, आतील काही नियत बिंदूंवर केले जाते. कोपऱ्याचा कोन १८० अंशांकडे झुकू लागला की त्या आरोपणाचा गुणक तेथे शून्याकडे जातो, आणि कोपरा आत वळला तर ऋण होतो. क्षीण त्रिकोणाचे भय या जिल्ह्याच्या मातीला अपरिचित नाही. १८०२ पासून देशाच्या मोजणीसाठी दक्षिणेकडून त्रिकोणांची साखळी वर आणणारे विल्यम लॅम्बटन १८२३ साली हिंगणघाटास निवर्तले. कोन फार लहान असेल, तर निरीक्षणातील किंचित चूक बाजूच्या लांबीत कित्येक पटींनी उतरते, हे मोजणीच्या शास्त्राने तेव्हाच जाणले होते.

घटकांच्या आकाराकडे झालेल्या दुर्लक्षाची सर्वांत जबर किंमत नॉर्वेने मोजली. २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्टाव्हॅंगरजवळच्या खाडीत स्लाइप्नर-ए या तेलमंचाचा काँक्रीटचा विशाल पाया चाचणीसाठी खोल बुडविला जात असता फुटला आणि तळाशी गेला. तीन वर्तुळाकार कोठ्यांच्या मधोमध राहिलेल्या त्रिकोणी पोकळीच्या भिंतींत, विरळ आणि तिरप्या घटकांमुळे, शीअर सुमारे ४७ टक्क्यांनी कमी धरला गेला होता. भिंत अपुरी ठरली आणि सळ्याही आखूड पडल्या. नंतरच्या काटेकोर हिशेबाने ६२ मीटर खोलीवर भंग दाखविला, प्रत्यक्षात तो ६५ मीटरवर झाला. हा हिशेब आधीही करता आला असता, हीच गोष्ट माझ्या मनाला सर्वांत अधिक टोचते.

आपली कामे त्या मानाने लहान. परंतु राफ्टवर राहणारी कुटुंबे तितकीच खरी आहेत. कॉलमच्या रेषा व भिंती यांवर नोड आधी बसवावेत आणि मगच मधली जागा विभागावी. लांबी-रुंदीचे प्रमाण एकास एकच्या जवळ ठेवावे, चारास एकच्या पलीकडे जाऊ देऊ नये. बारीक जाळीतून मोठीत जाताना शेजारच्या प्लेटच्या कडेवर अधांतरी नोड राहू देऊ नये. चौकोनी प्लेटचे चारही नोड एका प्रतलात हवेत. पाण्याच्या इंट्झ टाकीच्या शंकूत नियमित कड्यांवरचे चार नोड तसे येतात. सर्पिल जिन्यात मात्र ते येत नाहीत, आणि तेथे त्रिकोणच इष्ट. कॉलमपासून दूर, जेथे ताण नगण्य, तेथे एखादी बेढब प्लेट खपते, हेही प्रांजळपणे सांगावयास हवे. कॉलमशेजारी ती मुळीच खपत नाही. प्रोग्राम पुष्कळदा केवळ इशारा देऊन पुढे जातो, आणि मंजुरीसाठी सादर होणाऱ्या दफ्तरात तो इशारा कोणी जोडत नाही. तो जोडला जावा, असे माझे स्पष्ट मत आहे. जाळी निम्मी करून पुन्हा हिशेब करावा. कॉलमच्या मध्यबिंदूवरचा मोमेंट जाळी बारीक होईल तसा वाढतच राहतो, म्हणून तुलना कॉलमच्या मुखाशी करावी, आणि तेथील आकडा स्थिरावल्यावरच सळ्यांचा तपशील ड्राफ्ट्समनच्या हाती द्यावा.