भिववणारा भला माणूस

नट वारला म्हणजे वर्तमानपत्रे चार दिवस त्याची छायाचित्रे छापतात, त्याचे गाजलेले चित्रपट पुन्हा एकदा दाखवले जातात, आणि मग नव्या नटांच्या गर्दीत जुने नाव हळूहळू मागे पडते. हा जगाचा शिरस्ताच आहे, आणि त्याबद्दल कुणाची फारशी तक्रारही नसते. म्हणूनच एखाद्या नटाला जाऊन तीस वर्षे उलटली तरी त्याचे चाहते त्याच्याविषयी बोलताना अजून हळवे होतात, असे दिसले की माणूस थबकतो. त्यातून तो नट प्रेमकथांचा देखणा नायक नसून, कबरी, मुडदे आणि रक्तपिपासू पिशाच्चे यांच्या सहवासात त्याने उमेदीची वर्षे घालवलेली असली, तर हे कोडे अधिकच गहन होते.

पीटर कुशिंग हे त्या इंग्रज नटाचे नाव. ११ ऑगस्ट १९९४ रोजी इंग्लंडातील कँटरबरी येथे वयाच्या ८१ व्या वर्षी ते निवर्तले. वाचकांपैकी कित्येकांना हे नाव चटकन आठवणार नाही. पण १९७७ सालचा ‘स्टार वॉर्स’ पाहिलेला कुणीतरी बहुतेक घरांत सापडेल. त्यातला तो गालफडे बसलेला, थंड डोळ्यांचा सेनापती, नुसती मान हलवून अवघा ग्रह भस्मसात करणारा टार्किन आठवा. तेच कुशिंग. मी तो चित्रपट शाळेत असताना पाहिला. काळ्या मुखवट्याच्या राक्षसाची मला गंमत वाटली. भीती वाटली ती या सभ्य, कृश म्हाताऱ्याची.

आणि मौज अशी, की चित्रीकरणाच्या वेळी हा क्रूर सेनापती पायांत घरात घालायच्या मऊ सपाता घालून उभा असे! त्याला दिलेले लष्करी बूट पायांना फार घट्ट होत. तेव्हा त्यांनी दिग्दर्शकाला विनंती केली की शक्य तिथे माझे पाय दाखवू नका. राजकन्येचे काम करणाऱ्या कॅरी फिशरने पुढे सांगितले, की या माणसाला तुसडेपणाने बोलणे मला भारी कठीण गेले. संवादात त्याच्या दुर्गंधीचा उल्लेख होता. प्रत्यक्षात त्याच्या अंगाला धुतल्या कपड्यांचा आणि लव्हेंडरचा वास येई, आणि वागणे तर इतके अदबीचे!

कुशिंग यांचा जन्म २६ मे १९१३ रोजी सरे परगण्यातील केन्ली येथे झाला. तरुणपणी नगरपालिकेच्या मोजणी खात्यात त्यांनी काही दिवस नोकरी केली. पण मन नाटकात. १९३९ साली ते थेट अमेरिकेला गेले, लॉरेल आणि हार्डी यांच्या एका चित्रपटात लहानसे काम मिळवले, आणि युद्धाच्या धामधुमीत १९४२ साली मायदेशी परतले. त्याच वर्षी त्यांना हेलन बेक ही नटी भेटली. १९४३ च्या एप्रिलमध्ये दोघांचे लग्न झाले. पुढे लॉरेन्स ऑलिव्हिए यांच्या १९४८ च्या ‘हॅम्लेट’मध्ये ऑस्रिकची भूमिका मिळाली खरी, पण संसार ओढग्रस्तीचाच होता. मधल्या काळात या गृहस्थांनी रेशमी रुमालांवर नक्षी काढून चार पैसे मिळवले. दूरचित्रवाणी नावाचे नवे माध्यम येत होते. तिथल्या निर्मात्यांना पत्रे लिहा, असा आग्रह हेलननेच धरला, आणि त्या पत्रांनी नशीब पालटले. १९५४ च्या डिसेंबरात बीबीसीने सादर केलेल्या ‘१९८४’ मधले त्यांचे काम पाहून प्रेक्षक इतके हादरले की प्रकरण पार्लमेंटापर्यंत गेले.

१९५७ साली हॅमर या ब्रिटिश संस्थेने ‘द कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ काढला आणि कुशिंग यांना आपला प्रांत सापडला. प्रेतांचे तुकडे जोडून माणूस घडवू पाहणारा शास्त्रज्ञ त्यांनी हॅमरसाठी सहा वेळा रंगवला. १९५८ च्या ‘ड्रॅक्युला’त ते पिशाच्चाचा पिच्छा पुरवणारे डॉक्टर व्हॅन हेल्सिंग झाले, आणि पुढल्याच वर्षी शेरलॉक होम्स. पहिल्या चित्रपटातला राक्षस आणि दुसऱ्यातला ड्रॅक्युला झाले होते क्रिस्टोफर ली. पडद्यावर एकमेकांच्या जिवावर उठलेले हे दोघे पडद्यामागे जिवलग मित्र होते, आणि वीसहून अधिक चित्रपटांत ते एकत्र आले.

हे चित्रपट थोड्या पैशांत, थोड्या दिवसांत उरकलेले असत. विद्वान टीकाकार त्यांच्याकडे नाक मुरडून पाहत. पण कुशिंग यांनी ते कधी उरकले नाहीत. ‘ड्रॅक्युला’च्या शेवटी डॉक्टरांनी खिशातून एक क्रॉस काढावा, अशी मूळ योजना होती. कुशिंग म्हणाले, सबंध चित्रपटभर मी खिशातून क्रॉसच काढतो आहे. हा तर क्रॉस विकणारा फेरीवाला दिसेल! त्यांनीच सुचवले, की डॉक्टरांनी लांबलचक टेबलावरून धावत जाऊन पडद्यावर झेप घ्यावी, पडदा खाली ओढून ऊन आत आणावे आणि हाताशी असलेल्या दोन मेणबत्तीदाण्या आडव्या-उभ्या धरून क्रॉस करावा. आज सत्तरीकडे झुकलेला हा चित्रपट चाहते पुनःपुन्हा पाहतात तो बऱ्याच अंशी या प्रसंगासाठी. हातातली प्रत्येक वस्तू, मग ती शस्त्रक्रियेची सुरी असो की चष्मा, ते जन्मभर वापरत असल्यासारखी वापरीत. सिगारेट ओढताना ते हातात पांढरा मोजा घालीत. डागाळलेली बोटे पडद्यावर दिसू नयेत, हा हेतू.

वर्गात रसचर्चा शिकवताना भयानक रसापाशी आलो की कुणीतरी विद्यार्थी हमखास विचारतो, “सर, पैसे देऊन भिऊन घ्यायला माणूस जातोच कशाला?” शास्त्राची उत्तरे पुष्कळ आहेत, पण मला आजीची गोष्ट अधिक पटते. आजीच्या मांडीवर बसून पोर भुताची गोष्ट ऐकते. गोष्टीने त्याच्या अंगावर काटा येतो, पण मांडी हलत नाही. ती भक्कम आहे म्हणून तर भीतीची गोडी! कुशिंग यांच्या चित्रपटांत ते स्वतः ती मांडी होते. भोवती पुठ्ठ्याचे किल्ले असोत की रबरी वटवाघळे, हा माणूस ते सारे मनापासून खरे मानतो आहे आणि आपल्याला फसवत नाही, अशी प्रेक्षकाची खात्री पटे. खलनायक झाले तरी ती खात्री ढळत नसे.

या भक्कमपणाची खरी कसोटी मात्र पडद्याबाहेर लागली. १४ जानेवारी १९७१ रोजी दीर्घ श्वसनविकाराने हेलन गेली. त्या दिवसापासून कुशिंग यांनी स्वतःच्या आयुष्याकडे केवळ एक मुक्काम म्हणून पाहिले. तिची पुन्हा भेट होईपर्यंतचा. हे त्यांनी मुलाखतींत आणि १९८६ सालच्या आत्मचरित्रात मोकळेपणाने सांगितले आहे. झुरत बसू नका, घाईही करू नका, अशा अर्थाची चिठ्ठी हेलन मागे ठेवून गेली होती. त्यांनी तिचे ऐकले आणि स्वतःला कामात गाडून घेतले. १९७२ च्या ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’मध्ये त्यांना दुसरी भूमिका देऊ केली असता, त्यांनी एका एकाकी विधुर म्हाताऱ्याची, मुलांवर माया करणाऱ्या आणि शेजाऱ्यांनी छळलेल्या ग्रिम्सडाइकची भूमिका मागून घेतली. तो म्हातारा आपल्या मृत पत्नीला हाक मारतो, आणि तिचे नाव आहे हेलन. हे ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला तो प्रसंग कोरड्या डोळ्यांनी पाहवत नाही.

दुःखाने माणसे कडवट होतात. कुशिंग अधिक मऊ झाले. केंट परगण्यातल्या व्हिटस्टेबल या कालवांसाठी प्रसिद्ध असलेल्या समुद्रकाठच्या गावी त्यांचे घर होते. सायकलवरून हिंडणारे, ठरल्या उपाहारगृहात चहा घेणारे, जलरंगांत चित्रे काढणारे आणि खेळण्यातले शिपाई जमवणारे हे वृद्ध गृहस्थ गावाला आपल्या घरचेच वाटत. चाहत्यांच्या पत्रांना ते स्वहस्ते उत्तरे लिहीत. १९८२ साली कर्करोगाचे निदान झाले. आता फार दिवस नाहीत, असे डॉक्टरांनी सांगितले. त्यानंतर ते बारा वर्षे जगले!

चाहत्यांच्या आठवणी वाचल्या तर एक गोष्ट ध्यानात येते. सुरुवात चित्रपटाने होते आणि शेवट सौजन्याने. कुणाला लहानपणी आलेले पत्र आठवते, कुणाला रस्त्यात टोपी काढून केलेला नमस्कार. त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २०१३ साली, ब्रिटिश टपाल खात्याने ‘थोर ब्रिटन’ मालिकेत त्यांचे तिकीट काढले. पण व्हिटस्टेबलच्या किनाऱ्यावर एक साधे बाकही आहे. त्या जागेला ‘कुशिंग्ज व्ह्यू’ म्हणतात. या गावावर आणि गावकऱ्यांवर फार प्रेम करणाऱ्या हेलन व पीटर यांची ही भेट, अशा अर्थाची पाटी त्यावर आहे. गावाने त्यांचे स्मारक करण्याआधी त्यांनीच गावाला बसायला जागा करून दिली.

२०१६ साली एक विलक्षण प्रकार घडला. ‘रोग वन’ या चित्रपटात सेनापती टार्किन परत आला. गाय हेन्री या नटाने अभिनय केला आणि संगणकाच्या साह्याने त्याच्यावर कुशिंग यांचा चेहरा चढवण्यात आला. परवानगी रीतसर घेतलेली होती. काही चाहत्यांना आनंद झाला, काही अस्वस्थ झाले. गेलेल्या माणसाकडून काम करून घ्यावे काय, असा प्रश्न त्यांनी विचारला. मृतदेहात प्राण फुंकू पाहणाऱ्या शास्त्रज्ञाची भूमिका ज्याने सहा वेळा केली, त्याच्याच वाट्याला हे यावे!

मीही तो चित्रपट पाहिला. गालफडे तीच, कपाळावरच्या रेषा त्याच, कारागिरी थक्क करणारी. यंत्राने चेहरा अचूक उचलला. पण घट्ट बुटांबद्दल आरडाओरडा न करता सपाता घालून निमूट उभा राहणारा, आणि दुष्टपणाचे वाक्य संपताच समोरच्या मुलीशी अदबीने बोलणारा माणूस कोणत्या यंत्राने उचलावा? त्याला जतन करून ठेवायला जागा एकच. ज्यांच्याशी तो नीट वागला, त्यांचे मन.