परक्या घोडीच्या कुशीत

माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत मारवाडी घोड्याचे टोकाशी टोक भिडणारे कान पाहिले, की मराठीच्या प्राध्यापकालाही उपमा सुचेनाशी होते. पण अशा जातिवंत घोडीचे एक दुखणे आहे. ती अकरा महिने गाभण राहते आणि वर्षाकाठी फार तर एक शिंगरू देते.

यावर निघालेला तोडगा ऐकून आमच्या सौभाग्यवतींना देवकीच्या उदरातून रोहिणीच्या उदरात गेलेला बलराम आठवला. ‘संकर्षण’ हे त्याचे नाव त्यावरूनच पडले. (पुराणात विमाने शोधणाऱ्यांच्या पंगतीत मात्र मला बसवू नका!) बिकानेरला राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्रात मारवाडी घोडीचा साडेसात दिवसांचा गर्भ दुसऱ्या घोडीच्या गर्भाशयात ठेवला गेला. १९ मे २०२३ रोजी शिंगरू जन्मले. वजन २३ किलो, नाव ‘राज-प्रथम’.

माझे लक्ष मात्र त्या दुसऱ्या घोडीकडे. तिचे बीज पहिलीच्या सुमारास किंवा एखाददोन दिवस मागाहून सुटलेले हवे. त्या जागी अंडाशयात पीतपिंड तयार होतो. त्यातून पाझरणाऱ्या प्रोजेस्टेरॉनवर गर्भ तगतो. कोवळा गर्भ सोळाव्या दिवसापर्यंत गर्भाशयभर फिरून जणू आपल्या आगमनाची वर्दी देत असतो. ती पोचली नाही तर पीतपिंड विरतो आणि सारा खेळ आटोपतो. पुढे शंभर-सव्वाशे दिवसांनी वार हे काम अंगावर घेते.

पीतपिंड दुबळा असेल तर अल्ट्रेनोजेस्ट नावाचे कृत्रिम द्रव्य रोज तोंडावाटे देतात, किंवा प्रोजेस्टेरॉनची सुई टोचतात. मुळात बीजच न सुटलेली घोडीही या आधारावर गर्भ सांभाळू शकते. मग मात्र वारेने भार उचलीपर्यंत खाडा चालत नाही. हे तेलकट औषध माणसाच्या कातडीतूनही आत शिरते, म्हणून हातमोजे हवेत, आणि गरोदर बाईने तर त्याला शिवूच नये.

मग ते सरसकट सगळ्याच घोड्यांना पाजावे काय? मला पटत नाही. रोगट गर्भाशय त्याने सुधारत नाही. शिवाय आत गर्भ मेला तरी औषधामुळे घोडी माजावर येत नाही, आणि मालक बिचारा आशेवर पैसे ओतत राहतो. सोनोग्राफीवाचून ते कळायचे नाही. जळकोटहून उदगीरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय काही दूर नाही; घोडीवाल्याने आधी तिथे जावे, औषधाचे दुकान मग गाठावे.