पेशीतील भाषांतर

स्वनिमांना स्वतःचा अर्थ नसतो. त्यांच्या विशिष्ट क्रमातून अर्थपूर्ण रूपे सिद्ध होतात, हे आपण जाणता. जीवशास्त्रानेही ‘प्रतिलेखन’ आणि ‘भाषांतर’ या संज्ञा भाषाव्यवहारातून घेतल्या आहेत. त्या कितपत सार्थ आहेत, ते पाहू.

डीएनएची वर्णमाला चार अक्षरांची आहे : ए, टी, जी आणि सी. पेशीच्या केंद्रकात जनुकाची प्रत आरएनएवर उतरविली जाते. तीत टीच्या जागी यू येतो. लिपी जवळपास तीच राहते, म्हणून हे प्रतिलेखन. ही प्रत संपादित होऊन केंद्रकाबाहेर रायबोसोमकडे जाते. तेथे तीन-तीन अक्षरांचे गट वाचले जातात व प्रत्येक त्रिकानुसार एकेक अमिनो आम्ल जोडून प्रथिनाची साखळी तयार होते. येथे भाषाच बदलते, म्हणून हे भाषांतर. 64 त्रिकांपैकी 61 त्रिके 20 अमिनो आम्लांची वाचक आहेत; उरलेली तीन पूर्णविरामाचे काम करतात.

या लेखनात शब्दांमध्ये मोकळी जागा नसते. ‘कमलनयनचपळ’ ही अक्षरे तीन-तीनच्या गटांत वाचा. आता ‘कमल’नंतर एक जादा ‘स’ घाला : ‘कमल सनय नचप ळ’. पुढचा सर्व अर्थ हरपला. बीटा थॅलेसेमियाच्या भारतात आढळणाऱ्या एका प्रकारात नेमके हेच घडते. हिमोग्लोबिनच्या जनुकात आठव्या व नवव्या त्रिकांमध्ये एक जादा जी शिरतो, वाचन सरकते, पूर्णविराम अकाली येतो आणि प्रथिन अपुरे राहते. सिकलसेलमध्ये मात्र एकच अक्षर बदलते. साखळी पूर्ण होते, परंतु तिचा गुणधर्म पालटतो.

फाळणीनंतर कल्याणलगत वसलेल्या उल्हासनगरातील बहुसंख्य निर्वासित सिंधी होते. सिंधी समाजात थॅलेसेमियाच्या वाहकांचे प्रमाण तुलनेने अधिक आढळते. तथापि हा आजार कोणत्याही एका समाजापुरता नाही. वाहकाला सहसा काहीच त्रास जाणवत नाही. आई-वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणात अपत्याला तीव्र आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. अशा मुलास साधारणतः दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. विवाहापूर्वी किंवा गर्भारपणाच्या आरंभी केलेल्या रक्ततपासणीतून वाहकता कळू शकते.

उपमेची मर्यादाही ध्यानात घ्या. मानवी भाषांतरकार मुद्रणदोष ओळखून अर्थ सावरतो. रायबोसोमला अर्थ उमगत नाही. तो सदोष प्रतही तितक्याच निष्ठेने वाचतो. ती चूक वेळीच वाचणे हे माणसाचे काम आहे.

स्वाध्याय : ‘प्रतिलेखन’ व ‘भाषांतर’ यांतील भेद स्वतःच्या उदाहरणांनी स्पष्ट करा.