संगणकावरील हिशेबाची पारख आणि तिची साधने

धान्याच्या घाऊक व्यापारात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांस दोन गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. पोत्याच्या तोंडचा दाणा पाहून भाव करू नये, परखी पोत्याच्या पोटात घालून माल पाहावा. आणि काटा कितीही नवा असला तरी त्यावर वैधमापन खात्याचा छाप असल्याखेरीज माल तोलू नये. इलेक्ट्रॉनिक काट्याची फेरतपासणी २०११ च्या नियमांप्रमाणे दर बारा महिन्यांनी करून घ्यावी लागते, हेही सर्व बंधूंस ठाऊक आहे. परंतु त्या काट्यावरील वजनास भावाने गुणून, हमाली-तोलाईचा हिशेब करून शेतकऱ्याच्या हाती जी पट्टी पडते, ती हल्ली ज्या सॉफ्टवेअरमधून निघते, त्यावर कोणत्याच खात्याचा छाप नसतो. त्याची पारख ज्याची त्यानेच करून घ्यावयाची असते. ही पारख करण्यासाठीही आता निरनिराळी सॉफ्टवेअरे निघाली आहेत. त्यांतून आपल्या उपयोगाचे साधन कसे निवडावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. या विषयावर लिहिण्याचा अधिकार आम्हांस विद्येने आलेला नाही, ठेच लागून आलेला आहे. म्हणून ती ठेच आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी बेळगावच्या बाजारातील आम्ही चार दुकानदारांनी मिळून एका संस्थेकडून आपल्या कामापुरते सॉफ्टवेअर तयार करवून घेतले. काम संपल्यावर संस्थेने चाचणीचा अहवाल दिला. त्यात प्रत्येक ओळीपुढे हिरवी खूण होती. चाचणीसाठी त्यांनी एक महागडे साधन घेतले होते व त्याच्या वार्षिक परवान्याचा खर्च आमच्याच बिलात लावला होता. ते साधन पडद्यावरील एकेक खिडकी आपोआप उघडून, कारकुनासारखे आकडे भरून, उत्तर बरोबर आले की नाही ते पडताळून दाखवी. ते प्रात्यक्षिक पाहून आम्ही चकित झालो आणि बिल चुकते केले.

पुढे मक्याचा हंगाम सुरू झाला. गर्दीमुळे दुकानात दोन संगणक मांडले होते व दोन्हींवर शेतकऱ्यांस द्यावयाच्या उचलीच्या पावत्या निघत होत्या. एके रात्री रोकड मोजता ३,२०० रुपये कमी भरले. चार दिवसांनी ५,००० कमी भरले, पुढील आठवड्यात ६,५००. रोकड आमच्या दिवाणजींच्या हाती असे. बत्तीस वर्षे त्यांनी आमच्या गादीवर काढलेली. परंतु संगणक चुकत नाही अशी आमची त्या वेळी समजूत होती. "दिवाणजी, आता तुमचे वय झाले, रोकड दुसऱ्या कोणाकडे द्यावी म्हणतो," असे आम्ही चारचौघांत बोलून गेलो. त्यांनी वाद घातला नाही. "मालक, पगारातून कापून घ्या," एवढेच म्हणाले. आणि सांगावयास लाज वाटते, एक हप्ता आम्ही कापून घेतलाही.

आमचा पुतण्या पुण्यास एका कंपनीत सॉफ्टवेअरच्या चाचणीचेच काम करतो. दिवाळीस तो घरी आला असता त्याने सर्व पावत्यांच्या कागदी स्थळप्रती मागितल्या आणि दिवाणजी स्वतःच्या समाधानासाठी हाताने लिहीत असलेली रोजकीर्दही मागितली. दोन तासांत त्याने आमच्यापुढे दोन पावत्या ठेवल्या. दोन निरनिराळे शेतकरी, दोन निरनिराळ्या रकमा, आणि क्रमांक एकच. झाले होते ते असे : दोन्ही संगणकांवर एकाच क्षणी पावती केली म्हणजे दोन्ही संगणक शेवटचा क्रमांक वाचीत व त्यात एक मिळवीत. अर्थात दोघांसही तोच क्रमांक मिळे आणि मागाहून नोंद करणारा आधीच्याची नोंद पुसून टाकी. रोकड दोघांस दिली गेली, वहीत मात्र एकच नाव राहिले.

मग पुतण्याने सॉफ्टवेअरची एक वेगळी प्रत काढून तिच्यावर अपाचे जेमीटर नावाचे साधन लावले. हे साधन विनामूल्य असून १९९८ पासून प्रचारात आहे. एकाच वेळी पुष्कळ माणसे काम करीत असल्याचे सोंग ते हुबेहूब आणते. वीस कारकुनांनी एकदम वीस पावत्या केल्या असे सोंग त्याने आणले, आणि वहीत चौदाच पावत्या उमटल्या. महागड्या साधनाच्या हिरव्या खुणा खोट्या नव्हत्या. ते साधन एका वेळी एकाच कारकुनाचे सोंग आणीत होते, आणि एकटा कारकून असता हा दोष कधीच उद्भवत नव्हता. साधन उत्तम होते. आमच्या कामास ते चुकीचे होते.

हे दुर्दैव आमच्याच वाट्यास आले असे नव्हे. इंग्लंडच्या पोस्ट खात्याने १९९९ च्या सुमारास फुजित्सू कंपनीची होरायझन नावाची हिशेबपद्धती आपल्या शाखांत आणली. तिच्यात रोकड कमी दिसू लागली म्हणजे शाखा चालविणाऱ्या पोस्टमास्तरांसच चोर ठरविण्यात येई. कित्येकांनी पदरचे पैसे भरले, कित्येक तुरुंगात गेले. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक जणांस शिक्षा झाल्या. डिसेंबर २०१९ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने सॉफ्टवेअरमधील दोषांमुळे अशी खोटी तूट दिसू शकत होती असा निर्णय दिला, आणि २०२४ मध्ये पार्लमेंटास कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. त्यांतील एक दोष स्कॉटलंडमधील डलमेलिंग्टन या गावच्या नावाने ओळखला जातो. तेथे २०१५ मध्ये ८,००० पौंडांची एक रक्कम जमा करताना पडदा अडकला, बाईंनी बटण पुन्हापुन्हा दाबले, आणि तीच रक्कम चार वेळा जमा होऊन २४,००० पौंडांची खोटी तूट निघाली. ही हकीकत वाचल्यापासून आम्ही कोणतेही नवे सॉफ्टवेअर पाहताना प्रथम तेच बटण चार वेळा दाबून पाहतो. यास कोणतेही साधन लागत नाही.

आता निवडीकडे वळू. साधनांच्या याद्या पाहून आरंभ करू नये. कोणता दोष निघाला असता आपले सर्वांत अधिक नुकसान होईल, याची यादी आधी करावी आणि तो दोष सॉफ्टवेअरच्या कोणत्या थरात लपेल हे जाणत्या माणसास विचारावे. थर म्हणजे काय, ते आपल्या धंद्यातील उदाहरणाने सांगतो. १८ जुलै २०२२ पासून आवेष्टित व लेबल लावलेल्या धान्यावर, पुडके २५ किलोपर्यंतचे असल्यास, ५ टक्के जीएसटी आहे. त्याहून मोठ्या पोत्यावर नाही. मग २५ किलोच्या पिशवीस काय लागू? कर लागू. २६ किलोच्या? नाही. १० किलोच्या दहा किरकोळ पिशव्या एका मोठ्या पोत्यात भरल्या तर? पोते १०० किलोचे दिसले तरी कर लागू. चुका बहुधा अशा काठावरच होतात. २५ "पर्यंत" असे लिहावयाचे तेथे प्रोग्रामर २५ "च्या आत" असे लिहून जातो, आणि हिशेब शे-दोनशे बिलांनंतर अधिकाऱ्यापुढे उघडा पडतो. हा दोष हिशेबाच्या सूत्रात असतो, पडद्यावर नव्हे. त्यासाठी प्रोग्रामरने स्वतःच लिहावयाच्या छोट्या चाचण्या असतात. जावा भाषेत जेयुनिट आणि पायथन भाषेत पायटेस्ट ही त्यांची प्रसिद्ध साधने, दोन्ही विनामूल्य. शेकडो उदाहरणे ती काही क्षणांत तपासतात. दर बदलला की याच चाचण्या पुन्हा उपयोगी पडतात. २२ सप्टेंबर २०२५ रोजी तूप, बदाम, पिस्ते यांवरील कर १२ वरून ५ टक्के झाला, तेव्हा त्या एका बदलाने इतर मालाचे दर बिघडले नाहीत ना, हे हाताने पाहावयाचे तर दोन माणसांचे दोन दिवस गेले असते.

दोन सॉफ्टवेअरांमधील निरोपांची देवघेव तपासावयाची असेल, जसे आपले बिल ई-वे बिलाच्या पद्धतीस नीट पोहोचते की नाही, तर पोस्टमन हे साधन पुष्कळ वापरले जाते. त्याचा जन्म बेंगळुरूचा. निरनिराळ्या मोबाइलांवर आपले काम कसे दिसते हे पाहावयाचे असल्यास २०११ मध्ये मुंबईत सुरू झालेली ब्राउझरस्टॅक ही कंपनी आपल्याकडील खरे मोबाइल दुरून वापरण्यास भाड्याने देते. एवढ्यासाठी वीस फोन विकत घेऊन ठेवण्यापेक्षा हे बरे.

पडद्यावरून चाचणी करणाऱ्या साधनांविषयी मात्र थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण दलालाच्या तोंडी तीच अधिक असतात. एके काळी मर्क्युरी नावाच्या कंपनीची विकतची साधने या क्षेत्रात जोरात होती. २००६ मध्ये ती कंपनी एचपीने घेतली. २००४ मध्ये जेसन हगिन्स यांनी शिकागो येथे सेलेनियम हे साधन रचले व ते सर्वांस खुले झाले. पाऱ्याच्या विषबाधेवर सेलेनियम हा उतारा, असा या नावात मर्क्युरी कंपनीस चिमटा आहे असे सांगतात. स्पर्धकाच्या नावावर कोटी करण्याची ही हौस आपल्या बाजारातही काही कमी नाही! मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये काढलेले प्लेराइटही विनामूल्य आहे.

परंतु विनामूल्य याचा अर्थ बिनखर्चाचे असा घेऊ नये. पडद्यावरील बटणाची जागा अथवा नाव बदलले की अशा चाचण्या मोडतात व त्या दुरुस्त करावयास माणूस लागतो. म्हणून पडद्यावरच्या चाचण्या थोड्या आणि सूत्राच्या चाचण्या पुष्कळ, असे प्रमाण ठेवावे. साधन घेण्यापूर्वी, ते चालविणारा मुलगा उद्या नोकरी सोडून गेला तर दुसरा मिळेल काय, हे विचारावे. चाचण्या साध्या मजकुराच्या रूपात आपल्या ताब्यात राहतात, की साधन विकणाऱ्याच्याच पेटीत बंद होतात, हेही विचारावे. साधनेही मरतात. फँटमजेएस या साधनाचे काम २०१८ मध्ये थांबले. गूगलच्या अँग्युलर मंडळींचे प्रोट्रॅक्टर ऑगस्ट २०२३ मध्ये बंद झाले आणि ज्यांच्या हजारो चाचण्या त्यात लिहिलेल्या होत्या, त्यांस त्या नव्या साधनात पुन्हा लिहाव्या लागल्या.

यापुढची गोष्ट आमच्या मते सर्वांत महत्त्वाची, आणि तीच कोणी करीत नाही. काट्याची परीक्षा आपण छापाच्या वजनाने करतो, म्हणजे ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे अशा वस्तूने. चाचणीच्या साधनाची परीक्षाही तशीच घ्यावी. पुतण्याच्या सल्ल्याने आम्ही सॉफ्टवेअरच्या एका प्रतीत मुद्दाम तीन दोष घालवले : २५ किलोच्या पिशवीवर कर सोडून देणे, जुना दुहेरी क्रमांकाचा दोष, आणि पट्टीवर कानडी लिपीतील लांब नावाचे शेवटचे अक्षर कापले जाणे. मग तीन साधने त्यावर सोडली. पहिला दोष पायटेस्टने धरला, दुसरा जेमीटरने. तिसरा प्लेराइटलाही सापडला नाही, कारण पडद्यावर नाव पूर्ण होते, फक्त छापील कागदावर अपुरे होते. तो दिवाणजींनी पट्टी हातात घेताच दाखविला. विकतच्या ज्या साधनाचा परवाना आम्ही भरीत होतो, त्यास संस्थेने लिहून दिलेल्या चाचण्यांनिशी तिहींपैकी एकही सापडला नाही. त्या वर्षीपासून तो परवाना आम्ही बंद केला. हा त्या साधनाचा दोष म्हणता येणार नाही. त्यास जे विचारले गेले, त्याचे त्याने उत्तर दिले.

एडस्गर डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने फार पूर्वीच म्हणून ठेवले आहे की, चाचणीने दोष आहेत हे दाखविता येते, नाहीत हे दाखविता येत नाही. परखी जेथून गेली तेथलाच माल ती दाखविते, हे आपणांस नवे नाही. सबब अहवालात केवळ किती चाचण्या उत्तीर्ण झाल्या हे पाहून संतोष मानू नये, कोठे कोठे परखी घातली याची यादी मागावी. सापडलेले दोष लिहून ठेवण्यास बगझिला, जिरा अशी साधने आहेत. चार दुकानांपुरते काम असेल तर एक साधी वही पुरते.

आमच्या दुकानी आता रात्री वही बंद झाल्यावर तिच्या प्रतीवर या चाचण्या आपोआप चालतात व सकाळी गादीवर बसण्यापूर्वी एक कागद निघतो. क्रमांक देण्याची रीत संस्थेने दुरुस्त करून दिली आहे. दिवाणजींचा कापलेला हप्ता आम्ही परत केला आणि ज्या चारचौघांत बोललो होतो, त्याच चारचौघांत चूक कबूल केली. ते गेल्या पाडव्यास निवृत्त झाले. जेमीटरमध्ये रोज ज्या वीस पावत्या घातल्या जातात, त्या काल्पनिक नाहीत. ज्या दिवशी ३,२०० रुपये कमी भरले, त्या दिवसाच्या त्यांच्या हस्तलिखित रोजकीर्दीतून पुतण्याने त्या नावानिशी उतरून घेतल्या आहेत.