‘उंदराचं प्रोटीन’ आणून इन्सुलिन बंद करता येईल का?

ऊसतोडीहून परतलेले एक वडील अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्या दवाखान्यात आले. मुलाला टाइप १ मधुमेह आहे आणि रोज चार वेळा इन्सुलिन घ्यावं लागतं. वडिलांनी मोबाइल पुढे केला. त्यावर एका छोट्या बाटलीची जाहिरात होती: ‘रिकॉम्बिनंट माउस पीडीएक्स-१ प्रोटीन’.

“डॉक्टरसाहेब, पुतण्यानं शोधलंय. यानं उंदरांची शुगर उतरली म्हणे. हे मागवलं तर पोराच्या सुया बंद होतील का?”

असे प्रश्न आता वरचेवर येतात, म्हणून सविस्तर लिहितो.

पीडीएक्स-१ म्हणजे काय?

आपल्या प्रत्येक पेशीत हजारो जनुकं असतात. कोणतं जनुक कधी चालू व्हायचं हे काही खास प्रोटीन ठरवतात. त्यांना ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर म्हणतात. विहिरीवरच्या मोटारीला जसा स्टार्टर, तसे हे जनुकांचे स्टार्टर. पीडीएक्स-१ हा स्वादुपिंडातला असाच एक स्टार्टर आहे. तो इन्सुलिनचं जनुक चालू करतो. ज्या उंदरांमध्ये तो मुळातच नसतो, त्यांच्यात स्वादुपिंड तयारच होत नाही.

मग ‘रिकॉम्बिनंट’ म्हणजे?

एखाद्या प्रोटीनचं जनुक जिवाणूत किंवा यीस्टमध्ये घालून त्यांच्याकडून ते प्रोटीन बनवून घेणं. हे तंत्र तुमच्या घरातही पोहोचलेलं आहे. पूर्वी इन्सुलिन डुकरांच्या आणि गुरांच्या स्वादुपिंडातून काढत. १९८२ मध्ये जिवाणूंकडून बनवलेल्या मानवी इन्सुलिनला अमेरिकेत मंजुरी मिळाली. आपल्या मराठवाड्याचंही यात नाव आहे. औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, मोठा कारखाना असलेल्या वॉकहार्ट कंपनीने २००३ मध्ये ‘वोसुलिन’ हे रिकॉम्बिनंट इन्सुलिन बाजारात आणलं.

म्हणून मी त्या वडिलांना म्हणालो, “तुमचा मुलगा रोज रिकॉम्बिनंट प्रोटीनच घेतो. फरक आहे तो माणसांवर तपासलेल्या औषधात आणि प्रयोगशाळेतल्या सामानात.”

उंदरांना चाललं, मग माणसाला का नाही?

उंदरांची बातमी खोटी नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात मधुमेही उंदरांना पीडीएक्स-१ टोचल्यावर त्यांची साखर उतरली होती. पण तीन गोष्टी लक्षात घ्या.

१. त्या उंदरांच्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी एका रसायनाने मारल्या होत्या. टाइप १ मधुमेहात मात्र शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच त्या पेशी मारते आणि हा हल्ला चालूच राहतो. नवीन पेशी तयार झाल्या तरी त्यांच्यावरही तो होऊ शकतो.

२. इन्सुलिन पेशीच्या बाहेरून काम करतं. दारावर थाप मारल्यासारखं. पीडीएक्स-१ ला पेशीच्या आत, थेट केंद्रकापर्यंत जावं लागतं. ते नको त्या पेशीत शिरून नको ते जनुक चालू करणार नाही, याची खात्री माणसांमध्ये कुणी दिलेली नाही.

३. त्या बाटलीवर ‘फक्त संशोधनासाठी’ असं लिहिलेलं असतं. ती माणसाला टोचण्यासाठी बनवलेलीच नसते. त्यात जिवाणूंचे विषारी अंश राहू शकतात. त्यामुळे तीव्र ताप येणं, रक्तदाब कोसळणं असे धोके संभवतात.

आज पीडीएक्स-१ हे मधुमेहावरचं मंजूर औषध नाही. ते विकत आणून टोचू नका.

खरा धोका कुठे आहे?

बोलता बोलता कळलं की नवीन औषध येणार म्हणून घरच्यांनी दुपारचं इन्सुलिन आठवडाभर बंद केलं होतं. मुलाची साखर ४०० च्या वर होती. सुदैवाने तो वेळेत आला होता. टाइप १ मध्ये इन्सुलिन थांबलं तर एक-दोन दिवसांतही रक्तात आम्ल वाढून जीव धोक्यात येतो. खालील लक्षणं दिसली तर थेट मोठ्या रुग्णालयात जा:

- खूप तहान, वारंवार लघवी
- उलट्या, पोटात दुखणं
- जोरजोरात, खोल श्वास
- तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास
- गुंगी

आपल्या जिल्ह्यात अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मूल आजारी असेल, जेवत नसेल, तरी इन्सुलिन पूर्ण बंद करू नका. डोस डॉक्टरांना विचारून बदला.

कोपीवर राहताना

फ्रिज नसेल तर इन्सुलिन प्लास्टिकच्या डबीत घालून, माठाभोवती ओली वाळू ठेवून, सावलीत ठेवा. बर्फात ठेवू नका. गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. चालू बाटली साधारण चार आठवड्यांत संपवा. तोडीला निघण्यापूर्वी पुरेसा साठा आणि डोसची चिठ्ठी सोबत घ्या.

वडिलांनी निघताना विचारलं, “मग सुया कधीच सुटणार नाहीत का?” संशोधन चालू आहे, एखादा दिवस चांगली बातमी येईलही. ती येईपर्यंत मूल धडधाकट राहायला हवं, आणि ते काम आज इन्सुलिनच करतं. मोबाइलवर नवीन काही दिसलं तर जरूर दाखवायला आणा. फक्त चालू औषध आधी बंद करू नका.