काळा चष्मा : अंधार निराळा, रक्षण निराळें

चैत्र सरत आला कीं मराठवाड्यांतील ऊन कसें तापतें, हें आपणांस सांगावयास नको. पारा चाळिसाच्या वर चढतो, डांबरी रस्त्यावर मृगजळ दिसूं लागतें, आणि नांदेडच्या बाजारांत काय किंवा लातूरच्या गंजगोलाईभोंवतीं काय, रंगीत चष्म्यांच्या हातगाड्या उभ्या राहतात. गिऱ्हाईक येतें, एक गॉगल डोळ्यांवर चढवितें, टांगलेल्या आरशांत रूप पाहतें, उन्हाकडे दृष्टि टाकून तो पुरेसा काळा आहे ना याची खात्री करून घेतें आणि पैसे देऊन चालूं लागतें. ह्या परीक्षेंत चष्म्याचा रंग कळतो; परंतु डोळ्यांचें रक्षण ज्यावर अवलंबून आहे तो गुण मात्र मुळींच कळत नाहीं. अंधार निराळा आणि रक्षण निराळें. आजच्या भाषणांत मला मुख्यत: ही एवढीच गोष्ट आपल्यापुढें मांडावयाची आहे.

सूर्याचा प्रकाश पांढरा दिसत असला तरी त्यांत अनेक प्रकारचे किरण एकत्र नांदत असतात. इंद्रधनुष्यांत तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत जे दिसतात ते दृश्य किरण. तांबड्याच्या पलीकडे उष्णतेचे किरण आहेत. ते दिसत नाहींत, पण अंगाला जाणवतात. जांभळ्याच्या पलीकडे जे आहेत त्यांस अतिनील किरण म्हणतात. ते दिसतहि नाहींत आणि जाणवतहि नाहींत. प्रकाशलहरींची लांबी नॅनोमीटरांत मोजतात. एक नॅनोमीटर म्हणजे एका मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. ४०० नॅनोमीटरच्या खालचे किरण अतिनील होत. त्यांचेहि तीन वर्ग केलेले आहेत : ४०० ते ३१५ पर्यंतचे 'ए', ३१५ ते २८० पर्यंतचे 'बी' आणि त्याखालचे 'सी'. 'सी' वर्गाचे किरण वातावरणांतच अडतात व 'बी' वर्गाचा बराचसा भाग ओझोन वायु गिळतो. उरलेले 'बी' व बहुतेक सर्व 'ए' किरण भूमीवर येतात. येथें एक ध्यानांत ठेवावें कीं, ऊन चटका देत नाहीं म्हणजे अतिनील किरण नाहींत असें नव्हे. श्रावणांतल्या विरळ ढगांतूनहि ते पुष्कळसे खालीं उतरतात.

हे किरण डोळ्यांत शिरले म्हणजे काय होतें ? बुबुळावरील पारदर्शक पडदा, म्हणजे पारपटल, आणि त्यामागील नेत्रमणि हे दोघे त्यांतील बहुतेक किरण स्वत: शोषून घेतात, आणि त्यामुळेंच आंतील दृष्टिपटल सुरक्षित राहतें. पण पहारेकऱ्यानें घाव झेलले तरी ते घावच. एकाच वेळीं फार मारा झाला तर पारपटल भाजतें, डोळे लाल होतात व वाळू गेल्याप्रमाणें खुपतात. वर्षानुवर्षें थोडा थोडा मारा होत राहिला तर कित्येकांच्या डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, विशेषत: नाकाच्या बाजूस, मांसाची पातळ वेल वाढून बुबुळाकडे सरकूं लागते. नेत्रमण्यावरहि परिणाम होतो. अमेरिकेंतील चेसापीक उपसागरावर मासे व खेकडे पकडणाऱ्या ८३८ कोळ्यांची एक पाहणी १९८८ सालीं प्रसिद्ध झाली. ज्यांच्या डोळ्यांवर जन्मभरांत 'बी' किरण अधिक पडले होते, त्यांच्यांत मोतीबिंदूचा एक प्रकार अधिक प्रमाणांत आढळला. मोतीबिंदूचें मुख्य कारण वाढतें वय होय. मधुमेह व तंबाखू हींहि त्यास हातभार लावतात. तेव्हां गॉगल लावला कीं मोतीबिंदु टळला, असें कोणी सांगितल्यास विश्वास ठेवूं नये. मात्र कारणांपैकीं एक कारण आपणांस थोड्या खर्चांत कमी करतां येतें, एवढें खरें. लहान मुलांचा नेत्रमणि अधिक स्वच्छ असल्यानें त्यांच्या डोळ्यांत हे किरण अधिक खोल जातात, हेंहि आईबापांनीं विसरूं नये.

मोतीबिंदु हा आपल्या भागांत घराघरांतला पाहुणा आहे. लातूर जिल्ह्यांतील माकेगांवीं जन्मलेले डॉ. तात्याराव लहाने यांनीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत राहून एक लाखाहून अधिक मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया केल्या व २००८ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली, हें आपण जाणतांच. एका माणसाच्या हातून एवढ्या शस्त्रक्रिया व्हाव्यात, यावरूनच रोगाचा विस्तार कळून येतो. शस्त्रक्रियेंत काढलेल्या नेत्रमण्याच्या जागीं आज कृत्रिम भिंग बसवितात. ही रीत लंडनचे डॉ. हॅरोल्ड रिडले यांनीं १९४९ सालीं सुरू केली, आणि हल्लींच्या अशा भिंगांत अतिनील किरण शोषणारें द्रव्यहि मिसळलेलें असतें. जें रक्षण शस्त्रक्रियेनंतर डोळ्याच्या आंत बसवावें लागतें, तें आधींपासून डोळ्याच्या बाहेर बसविणें काय वाईट ?

आतां काळ्या कांचेचा विचार करूं. डोळ्याची बाहुली ही आपोआप लहानमोठी होणारी खिडकी आहे. लख्ख उजेडांत तिचा व्यास दोन मिलिमीटरांपर्यंत आकसतो, अंधारांत तो सात-आठ मिलिमीटरांपर्यंत वाढतो. शिवाय उन्हांत आपण डोळे किलकिले करतों, कपाळाला आंठ्या घालतों. हीं सर्व निसर्गानें दिलेलीं कवाडें होत. गडद चष्मा लावतांच कवाडें उघडतात, कारण डोळ्यास वाटतें कीं आतां सांवली झाली. त्या भिंगानें अतिनील किरणहि अडविले असतील तर उत्तमच. पण तें नुसतें रंगविलेलें असेल, तर दृश्य प्रकाश कमी व अदृश्य किरण मोकळे, अशी स्थिति होते. चोर आंत येत असतां आपण पहारेकऱ्यास झोपविल्यासारखें तें आहे.

मग रक्षण करणारें भिंग कसें बनतें ? ह्या शोधाचा मान बऱ्याच अंशीं सर विल्यम क्रुक्स ह्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाकडे जातो. भट्टीसमोर काम करणाऱ्या कांच-कारागिरांस लौकर मोतीबिंदु होतो, म्हणून त्यांनीं निरनिराळीं धातुद्रव्यें मिसळून कांचेचे पुष्कळ नमुने तयार केले, आणि सिरियम नांवाच्या द्रव्यानें अतिनील किरण अडतात असें १९१४ सालीं प्रसिद्ध केलें. पुढें भिंगांसाठीं प्लॅस्टिक आलें. त्यांपैकीं १९४० च्या सुमारास निघालेल्या सी.आर. ३९ ह्या हलक्या प्लॅस्टिकांत शोषक द्रव्य मुद्दाम मिसळावें लागतें. उलट पॉलिकार्बोनेट नांवाचें न फुटणारें प्लॅस्टिक स्वभावत:च बहुतेक सर्व अतिनील किरण शोषतें. यावरून दोन गोष्टी निघतात. एक, पांढरें स्वच्छ भिंगहि पूर्ण रक्षण करूं शकतें. म्हणून जे नेहमींचा नंबरचा चष्मा वापरतात त्यांनीं त्याच भिंगांत ही सोय आहे किंवा नाहीं, हें चष्मेवाल्यास विचारावें. दुसरी, किंमत हें रक्षणाचें माप नव्हे. साधा चष्माहि चांगला निघूं शकतो, आणि मोठ्या किंमतींत पुष्कळदां नांवाचाच भाग अधिक असतो.

काळेपणाचेंहि माप ठरलेलें आहे. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणें भिंगांचे शून्यापासून चारपर्यंत पांच वर्ग पाडतात. शून्य वर्गाचें भिंग ८० टक्क्यांहून अधिक प्रकाश आंत सोडतें. दुसऱ्या वर्गाचें ४३ ते १८ टक्के, तिसऱ्याचें १८ ते ८ टक्के व चौथ्याचें ८ ते ३ टक्के. आपल्याकडील उन्हाळ्यास तिसरा वर्ग योग्य. चौथा वर्ग बर्फाच्छादित पर्वतांवर जाणारांसाठीं आहे. तो लावून वाहन चालविणें धोक्याचें. सायंकाळ झाल्यावर तर कोणताच गडद चष्मा वाहन चालवितांना लावूं नये.

उजेड कमी करणें आणि चकाकी घालविणें, ह्याहि पुन्हा दोन गोष्टी आहेत. वर्गांत खिडकीसमोरच्या बांकावरील मुलें 'गुरुजी, फळा चमकतो' अशी तक्रार करतात, हें प्रत्येक शिक्षकास ठाऊक आहे. तेथें उजेड कमी नसतो. खिडकींतला उजेड फळ्यावरून परतून अक्षरांवर पांढरा पडदा धरतो. भर दुपारीं गोदावरीच्या पात्रावर, पावसानें भिजलेल्या रस्त्यावर, समोरच्या मोटारीच्या कांचेवर हाच पडदा पसरलेला असतो. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर ह्या मार्गानें सायंकाळीं लातूरकडे येणारांस मावळता सूर्य बहुतेक समोरच लाभतो. रस्ता ओला असला तर खड्डा कोणता व चकाकी कोणती, हें कळेनासें होतें.

ह्यावरील उपाय ध्रुवीभवनांत सांपडला. प्रकाश ही लहर आहे व ती आडवी, उभी, तिरपी अशी सर्व दिशांनीं कंप पावते. सपाट पाण्यावरून किंवा रस्त्यावरून परतलेल्या प्रकाशांत मात्र आडवीं कंपनें फार असतात. पाण्यावर लंबाशीं ५३ अंशांच्या कोनांतून पडून परतलेल्या प्रकाशांत तर तींच तेवढीं उरतात. परतलेल्या प्रकाशाचा हा गुण मालुस ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या लक्षांत १८०८ सालीं आला, तेव्हां तो पॅरिसमधील एका राजवाड्याच्या खिडक्यांवरून परतणारा मावळत्या सूर्याचा प्रकाश स्फटिकांतून पाहत होता. आतां खिडकीच्या उभ्या गजांमधून एक दोरी बाहेर न्यावी व ती हालवावी. वरखालीं हालविली तर लाट गजांमधून पार जाते; आडवी हालविली तर गजांवर आपटून थांबते. ध्रुवक भिंगांत अशीच, पण अत्यंत सूक्ष्म अशी रचना असते. ती आडवीं कंपनें अडविते, आणि पाण्यावरची चकाकी जाऊन खालचा तळ दिसूं लागतो. असें पातळ पत्र एडविन लँड ह्या अमेरिकन तरुणानें १९२९ च्या सुमारास तयार केलें व पुढें त्याचे चष्मे निघाले. ह्या भिंगाचा दोषहि सांगितला पाहिजे : मोबाईलचा किंवा मोटारींतील यंत्राचा पडदा त्यांतून कांहीं कोनांत काळा दिसतो. दुसरें असें कीं, ध्रुवक भिंग म्हणजे अतिनीलरोधक भिंग असा नियम नाहीं. तो गुण निराळा विचारून घ्यावा.

रंगाविषयीं थोडक्यांत. करडा रंग सर्व किरण सारखेच मंद करतो, त्यामुळें वस्तूंचे मूळ रंग पालटत नाहींत. तपकिरी रंग निळा प्रकाश अधिक अडवितो, म्हणून उंचसखलपणा ठळक दिसतो. निळे-गुलाबी रंग केवळ शोभेचे. आरशासारखें बाहेरून चमकणारें भिंग कांहीं प्रकाश परत फेंकतें, परंतु तेवढ्यानें अतिनील किरणांची खात्री होत नाहीं.

उन्हांत काळें व घरांत पांढरें होणारें भिंग पुष्कळांस आवडतें. अमेरिकेंतील कॉर्निंग कंपनीच्या शास्त्रज्ञांनीं १९६० नंतरच्या दशकांत तें प्रथम कांचेंत साधलें. कांचेंतील चांदीच्या संयुगाचे सूक्ष्म कण अतिनील किरण पडतांच काळवंडतात व सांवलींत पूर्ववत् होतात. हल्लींच्या प्लॅस्टिक भिंगांत हें काम निराळीं रंगद्रव्यें करतात. पण आपल्या प्रांताच्या दृष्टीनें त्यांत दोन उणिवा आहेत. उष्णता वाढली कीं हें भिंग कमी काळें होतें, म्हणजे ऐन वैशाखांतच त्याचा काळेपणा उणा पडतो. दुसरी उणीव अशी कीं, मोटारीची पुढील कांच अतिनील किरण बव्हंशीं अडवीत असल्यानें आंत बसलेल्याचा चष्मा फारसा काळवंडतच नाहीं.

भिंग कितीहि उत्तम असलें तरी बाजूनें व वरून येणारा प्रकाश त्यास वळसा घालतो. म्हणून चौकट डोळ्यांलगत बसणारी व रुंद असावी. त्याबरोबर डोक्यावर छायाहि हवी. रुंद कडेच्या टोपीनें डोळ्यांवर पडणारे अतिनील किरण सुमारें निम्म्यानें कमी होतात. आपल्या गांधी टोपीस कड नाहीं; तिनें डोकें झांकतें, डोळे उघडेच राहतात. कपाळावर पुढें ओढलेला पदर मात्र डोळ्यांवर छाया धरतो.

कांहीं गैरसमजहि दूर केले पाहिजेत. सूर्यग्रहण गॉगलमधून कधींहि पाहूं नये. दृष्टिपटल भाजून कायमची दृष्टि जाण्याचा धोका असतो. वेल्डिंगच्या ठिणगीपुढेंहि गॉगल चालत नाहीं. तिला स्वतंत्र मुखवटा लागतो. आणि डोळे आलेल्या माणसानें काळा चष्मा लावल्यानें इतरांस लागण होत नाहीं, ही समजूत खोटी आहे. तो रोग हातांनीं व रुमालांनीं पसरतो. चष्म्यानें रोग्यास उजेडाचा त्रास कमी होतो, इतकेंच.

तर मग खरेदी कशी करावी ? 'यू.व्ही. ४००', म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडविणारें, असें लिहिलेलें पहावें. पण चिठ्ठी कोणीहि चिकटवूं शकतो, म्हणून ज्या चष्मेवाल्याकडे किरण मोजण्याचें छोटें यंत्र आहे त्याच्याकडून भिंग तपासून घ्यावें. चष्मा हातभर अंतरावर धरून दाराच्या उभ्या चौकटीकडे पहावें व तो हळूहळू हालवावा. बिननंबरी भिंगांत रेघ वांकडी झाली तर तें भिंग सोडून द्यावें. ध्रुवक भिंगाची परीक्षा मोबाईलच्या उजळ पडद्यासमोर चष्मा फिरवून होते. पडदा एका कोनांत काळा पडला तर भिंग बहुधा खरें.

शेवटीं एक विनंती. आपल्या घरांत दोन-चार गॉगल असतील, पण ते बहुधा वाहनांत बसणारांचे असतात. आपल्यापैकीं अनेकांची शेती गांवाकडे आहे. तेथें तुरीच्या व सोयाबीनच्या शिवारांत खुरपणाऱ्या बाया, सालगडी, म्हातारे वडील हे सकाळपासून सांजेपर्यंत उघड्या डोळ्यांनीं ऊन झेलीत असतात. जन्मभरांत साठत जाणारा मारा सर्वांत अधिक त्यांच्याच डोळ्यांवर पडतो. पुढच्या खेपेस गांवीं जातांना तपासून घेतलेलें एक-एक साधें भिंग आणि रुंद कडेची एक-एक टोपी त्यांच्यासाठीं घेऊन जावी. काळेपणा कमी असला तरी चालेल. न दिसणारे किरण मात्र अडले पाहिजेत.