घरातली गॅसची शेगडी : वास आला तर खाली पाहा

भगिनींनो, आणि अधूनमधून चहा ठेवणाऱ्या बंधूंनो,

एरंडोल, कासोदा, रिंगणगाव या आपल्या भागात आता चुलीशेजारी गॅसची शेगडी दिसते. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली. त्यानंतर, ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या फक्त चूलच होती, तिथेही लाल टाकी आली. चूल मात्र गेली नाही. अंघोळीचं पाणी चुलीवर, सणाला खापरावरचे मांडे चुलीवर. त्याला कुणी नावं ठेवू नयेत. पण चूल आणि टाकी एकाच खोलीत असली, तर गॅसचा एक गुण पक्का ध्यानात ठेवला पाहिजे. हा वायू हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो.

म्हणजे काय? धूर छपराकडे जातो, हा गॅस जात नाही. गळाला की पाण्यासारखा खाली उतरतो, ओट्याखाली साचतो, जमिनीलगत पसरतो. टाकीत तो दाबाखाली पातळ करून भरलेला असतो आणि एक लिटर पातळ गॅसचा सुमारे अडीचशे लिटर वायू होतो. हवेच्या शंभर भागांत दोन भाग मिसळला तरी ठिणगीनं पेटतो. आणि आपल्या घरात विस्तव कुठे असतो? जमिनीवरच! चुलीत निखारे, देवापुढे निरांजन. म्हणून टाकी चुलीच्या खोलीत ठेवूच नये हे उत्तम. जागाच नसेल, तर दोन्ही एका वेळी पेटवू नयेत, आणि चुलीतला विस्तव पुरता विझल्याशिवाय टाकीला हात लावू नये.

दसऱ्यानंतर घरात कापूस येतो. भाव वाढेल या आशेनं तो पुढच्या खोलीत छतापर्यंत भरून ठेवतात, आणि पलीकडे स्वयंपाक. शेतकऱ्याची अडचण आम्हांस कळते. तरीपण टाकी व शेगडी कापसाच्या खोलीत नको, म्हणजे नकोच. मधे दार असेल तर स्वयंपाक होईतो ते लावून घ्यावे.

शेगडी टाकीच्या माथ्यापेक्षा उंच असावी. खाली बसून भाकरी करण्याची सवय असते, म्हणून पुष्कळ घरांत शेगडी जमिनीवर आणि टाकी तिच्या बाजूला उभी असते. अशा वेळी टाकीच्या तोंडाशी गळलेला गॅस सरळ जाळावर उतरतो. भाकरी खुशाल खाली बसून थापा, पण भाजायला ओटा करून घ्या. फरशीचा एक तुकडा आणि विटांचे दोन खांब, एवढ्यावर काम भागते. टाकी नेहमी उभीच ठेवावी. गॅस संपत आला की काही जण ती आडवी करतात किंवा गरम पाण्यात ठेवतात. आडव्या टाकीतून पातळ गॅस नळीत येतो आणि जाळ एकदम भडकतो.

आता नळी. सगळ्यात जास्त दुर्लक्ष हिच्याकडे होते. शेतकऱ्याच्या घरात धान्य, आणि धान्य तिथे उंदीर. साधी रबरी नळी ते सहज कुरतडतात. आत तारेची जाळी असलेली, आय.एस.आय. खुणेची नळीच घ्यावी, आणि ती पाच वर्षांनी बदलावी, मग दिसायला कितीही चांगली असो. नळीवर कापड गुंडाळू नये. चीर पडली तरी दिसत नाही. आठवड्यातून एकदा साबणाचा फेस नळीला व दोन्ही जोडांना लावून पाहावा. बुडबुडे आले की गळती आहे. काडी ओढून कधीही तपासू नये. रात्री निजताना रेग्युलेटर बंद करायला विसरू नका.

जाळ निळा हवा. पिवळा होऊन भांडी काळी पडू लागली, तर बर्नरची भोकं किंवा हवेची वाट बुजली समजा. आपल्याकडे याचं मोठं कारण भरीत! वांगं थेट बर्नरवर भाजलं की त्याचं पाणी भोकांत उतरतं, वर साल जळून बसते. खरं तर भरिताला कपाशीच्या काड्यांचीच चव. गॅसवर भाजायचंच, तर जाळी ठेवा आणि नंतर थंड झालेला बर्नर काढून साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, भोकं टाचणीनं मोकळी करा, पूर्ण वाळवून सरळ बसवा. आतल्या जेटमध्ये मात्र सुई खुपसू नये. त्याचं तोंड मोठं झालं की गॅस जास्त येतो.

गोबर गॅसची शेगडी या टाकीला जोडू नये. तिचं जेट मोठं असतं, जाळ आवरणार नाही.

कुजल्यासारखा उग्र वास आला, तर विजेचं बटण लावू नका आणि लागलेलं बंदही करू नका. रेग्युलेटर बंद करा, निरांजन, उदबत्ती विझवा, दारं-खिडक्या उघडा. नुसती वरची खिडकी पुरत नाही. दार उघडलं म्हणजे खालचा गॅस बाहेर जातो. माणसं बाहेर काढा आणि अंगणात दूर जाऊनच १९०६ या क्रमांकावर फोन करा.

नवी टाकी आली की ती दारातच पाहून घ्यावी. वरच्या पट्टीवर रिकाम्या टाकीचं वजन असतं. त्यात १४.२ किलो मिळवा, तेवढं भरलं पाहिजे. तिथेच एक इंग्रजी अक्षर व सालाचे दोन आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. ही टाकीच्या पुढच्या तपासणीची मुदत. ती उलटून गेली असेल तर टाकी घेऊ नये, दुसरी मागावी.